चाचांनी वाचलेला रिपोर्ट

कामतघरच्या नाक्यावर एक झेरॉक्सवाले चाचा आहेत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. माझ्या नवऱ्याच्या मेंदूत लिम्फोमाची गाठ निघाल्यापासून मी दर आठवड्याला फाइल घेऊन तिथे जाते. कागद हातात घेताना चाचा नजर भिंतीकडे ठेवतात आणि बोलायच्या आधी "असं करू" म्हणतात. "असं करू, दोन कॉपी काढू." कुणाला काय झालंय हे ते कधी विचारत नाहीत, म्हणून मला ते बरे वाटायचे.

परवाच्या रिपोर्टात लिहिलं होतं, की गाठीच्या पेशींमध्ये अँटिबॉडीचे जीन बदललेत. जीन म्हणजे आईबापाकडून मुलांकडे जाणारी गोष्ट, एवढंच मला ठाऊक. मी रिपोर्टबरोबर मुलीचं आधार कार्डही कॉपीला दिलं. तिला न सांगता तिचीही तपासणी करून घ्यायची होती.

चाचांनी कार्ड परत दिलं. "असं करू, हे राहू द्या. हा बदल त्या पेशींपुरता हाय, बाई. पोरीला जात न्हाय."

"तुम्ही वाचता?"

"सगळ्यांचे वाचतो," ते भिंतीकडे बघतच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मुलीची काळजी मिटली, तरी चाचा आपले कागद वाचत होते याचा मला राग येत राहिला. चाचांना हे कसं ठाऊक, ते मात्र मी विचारलं नाही.

अजूनही मी तिथेच जाते. कधी रांगेत माझ्यापुढे एखादी बाई फाइल छातीशी धरून उभी असते. तिला सावध करावं की गप्प राहावं, हे मला ठरवता येत नाही.