धुरा नसलेलं यंत्र

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या एका कचेरीत कॉम्प्युटरवर कामाला होतो. घर बालाघाट जिल्ह्यात, परसवाड्याजवळच्या खेड्यात. आमच्याच भागातल्या विहिरींच्या पाण्याचा हिशेब करून बोअर कुठं मारायच्या ते सांगणारा प्रोग्राम मी लिहिला, तेव्हा माझी छाती भलतीच फुगली होती. बोअर मारल्या. सगळ्या कोरड्या निघाल्या.

चूक माझ्या प्रोग्रामची नव्हती. त्या यंत्रात एका वेळी दोन-तीन प्रोग्राम चालायचे आणि सगळ्यांचे आकडे एकाच मोकळ्या जागेत पडलेले असायचे. आमच्याकडे धानाच्या दोन बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये, मातीचा धुरा असतो, म्हणून याचं पाणी त्याच्या बांधीत घुसत नाही. या यंत्रात धुराच नव्हता. शेजारचा कुणाचा तरी प्रोग्राम हद्द सोडून माझ्या आकड्यांवर आपले आकडे लिहून गेला. कुणी मुद्दाम घुसला असता, तरी त्या यंत्राने हूं की चूं केलं नसतं.

मी तेच आकडे घेऊन माझा प्रोग्राम एकटाच चालवला. उत्तर वेगळं आलं, बरोबर आलं. तो कागद नाचवत मी साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "अच्छा, यानी बाद में सुधार लिया." आता बोला!

बोअर तिकडच्याच, म्हणून चौकशी बालाघाटच्या रेस्ट हाउसवर ठेवली. बाबांना कळलं, तसे ते धुतलेलं धोतर नेसून सकाळच्या बसने आले. व्हरांड्यात मी त्यांना सगळं समजावलं. त्यांना एवढंच कळलं, की शेजाऱ्याशी भांडण आहे.

"मंग त्या दुसऱ्याले काहून नाही बोलावलं?"

"तो कोन हाये तेच मालूम नाही, बाबा. मशीन सांगत नाही."

"मंग मिटवून टाकू."

धुऱ्याची भांडणं मिटवायची आमच्या गावात एक रीत आहे. खरं-खोटं करत कुणी बसत नाही. घरातला वडीलधारा पंचांपुढे हात जोडून 'आमचीच चुकी' म्हणतो, मग समोरचाही 'आमचीच' म्हणतो, आणि पंच चहा पिऊन उठतात. बाबांनी असे कितीतरी तंटे मिटवले होते. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं ते त्यामुळेच.

आत मी तोंड उघडण्याआधीच बाबा पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "साहेब, आमच्या पोराचीच चुकी झाली. माफी द्या."

"तो आप मानते हैं, गलती इसी की है?"

"हौ साहेब."

कारकुनाने ते लिहून घेतलं. बाबा हात जोडून उभेच होते, समोरचा 'आमचीच' कधी म्हणतो याची वाट बघत. मला ओरडावंसं वाटत होतं. पण भरल्या खोलीत बापाला खोटं कसं पाडायचं? इतका लाचार मी पुन्हा कधी झालो नाही.

नोकरी गेली. पुढे दुसरी यंत्रं आली. त्यांत प्रत्येक प्रोग्रामला आपापली बंद जागा असते. कुणी हद्द ओलांडली, की यंत्र त्यालाच थांबवतं आणि कोण घुसत होतं तेही सांगतं. एकाचा बिघाड दुसऱ्याला बाधत नाही. ती यंत्रं माझ्या हाताखाली आली, तोवर बाबा गेले होते.

त्या दिवशी मात्र ते खूश होते. बसस्टँडवर त्यांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "पाह्य, मिटलं का नाही?"

मी म्हणालो, "हौ, बाबा."