'ला'ची जागा

माणिक गेल्याचं कळलं तेव्हा मी तहसील कचेरीत टँकरच्या गावांची यादी करत होतो. त्याचा धाकटा भाऊ दारात येऊन म्हणाला, "बाबू, दादा गेला." मी म्हणालो, "बरं." काय बोललो ते माझं मलाच कळलं नाही. महिनाभर याच निरोपाची धास्ती होती, तरी हातातलं पेन खाली ठेवायला मला वेळ लागला. माणिक पेंटर म्हणजे पहिलीपासूनचा माझा दोस्त. आता पाच आठवडे झाले, विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही झाला. माझ्या पोटातलं मात्र अजून कुणाला सांगितलेलं नाही.

लातूर जिल्हा झाला आणि माणिकला श्वास घ्यायला फुरसत उरली नाही. गावोगावच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसायचं आणि 'जि. लातूर' लिहायचं, ते काम त्याला मीच मिळवून दिलं होतं. हात असा की दोरी न लावता आधी एका दमात शिरोरेघ ओढायचा आणि मग तिच्याखाली अक्षरं. "बाबू, लई वर्षं दुसऱ्याच्या जिल्ह्याचं नाव लिवलं, आता आपलं लिवतो," म्हणायचा. एस.टी.च्या टपावर शिडी टाकून पार जळकोटपर्यंत गेला पठ्ठ्या... पुढं पाऊस रुसला. त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात त्याचं डोकं दुखायला लागलं. "ऊन लागलं असंल," तो म्हणाला. आम्हीही तेच म्हणालो, कारण तेव्हा सगळ्यांनाच ऊन लागत होतं. चालताना त्याचा डावा खांदा चौकटीला धडकायचा. ताटात डावीकडं वाढलेली चटणी तशीच राहायची. त्याची बायको प्रयागबाई समजायची की आताशा आवडत नसेल. एकदा डावीकडं ठेवलेली भरली घागर त्यानं पायानं लवंडली. अर्धा दिवस टँकरपाशी उभं राहून आणलेलं पाणी! तिनं दोन दिवस अबोला धरला. त्या दोन दिवसांसाठी ती बाई आजही रडते.

मग मुरुडकडून गावात शिरताना लागणारा मोठा फलक आला. नुसतं 'लातूर' लिहायचं होतं. माणिकनं अर्धा फलक कोरा सोडला, मधूनच शिरोरेघ धरली आणि लिहिलं... 'तूर'. समोरच दाळमिल. हमाल पोट धरून हसले. "पेंटर, भाव बी लिवा की!" साहेबांनी मला झापलं, आणि मी तसाच सायकल हाणत तिथं गेलो. चार लोकांसमोर ओरडलो, "पिऊन आलास का रे? ला कुठंय, ला?" आयुष्यात कधी थेंब न घेतलेला माणूस. त्यानं फलकाकडं नीट पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "हाय की, बाबू. लिवलंय की." मला वाटलं, टिंगल करतोय. "तुझ्या हातात ब्रश दिला हीच माझी चूक," असं म्हणून मी निघून आलो.

आठवड्यानं त्याला झटका आला. हैदराबादच्या दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. मेंदूच्या उजव्या भागात गाठ होती, आणि तीही मुळं पसरणाऱ्या जातीची. कितीही काढली तरी मागं उरणारी. डॉक्टर म्हणाले, "डोळे चांगले आहेत त्याचे. पण डाव्या बाजूला काही असतं, हेच आता त्याचा मेंदू धरत नाही." मी विचारलं, "आधी आणलं असतं तर?" "थोडे दिवस मिळाले असते. बरा झाला नसता." ते मला धीर देत होते म्हणे! ऑपरेशन झालं, नंतर किरणांचा शेक झाला, केस गेले. मधे एकदा त्यानं ताटातली चटणी खाल्ली, तर प्रयागबाईनं सगळ्या आळीत सांगितलं. दोन महिन्यांत गाठ पुन्हा वाढली. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं.

शेवटचं भेटलो तेव्हा त्याची बाज उजव्या अंगानं भिंतीला लागलेली होती, म्हणून मी डावीकडं बसलो. म्हणालो, "माणक्या, माझं चुकलं रे..." आवाज ओळखीचा वाटला असावा. पण त्यानं भिंतीकडं बघत विचारलं, "बाबू आला का? कुठंय?" मी म्हणालो, "हाय की. हितं हाय की." तो भिंतीतच मला शोधत राहिला. प्रयागबाईनं आणि मी मिळून बाज ओढली. मी वळसा घालून पलीकडं जाईपर्यंत त्याचा डोळा लागला होता. उठवायची हिंमत झाली नाही. उद्या येतो म्हणालो... पण त्यानंतर त्याला शुद्धच आली नाही.

फलक अजून तसाच आहे. दुसरा पेंटर लावून 'ला' घालून घ्या, असा साहेबांचा हुकूम आहे. परवा त्यांनी विचारलं तर झालं म्हणून खोटं सांगितलं. जाता-येता मी तिथं सायकलवरून उतरतो. डावीकडच्या कोऱ्या जागेत काय लिहायचं राहिलंय, ते रस्त्यावरच्या कुणालाही कळतं. त्याला एकट्याला ते कळत नव्हतं, आणि मी ते त्याला ओरडून विचारलं.