बॅटरीचं झाकण

बाबांचा जगावर विश्वास नाही. पुण्यातल्या ज्या छोट्या कारखान्यात ते बॅटऱ्या बसवायचे, तिथे विजेवर चालणाऱ्या गाड्या बनत, त्या कोणाच्या स्वप्नातही नव्हत्या तेव्हा. पहिल्या गाड्या हॉलंडला गेल्या, तिथल्या विक्रेत्यानं अचानक ऑर्डर रद्द केली आणि कारखान्याला टाळं लागलं. "पेट्रोलवाल्यांनी त्याला फोडलं," हे वाक्य आमच्याकडे वरणभाताबरोबर वाढलं जाई. मला ते कधी पटलं नाही, पण खोडून काढायला हाती काही नव्हतं.

यंदा बाबा माझ्याकडे हॉलंडला, कापेल गावात आले. आल्या आल्या त्यांनी दाराच्या बाहेरच्या बाजूला कुंकवानं स्वस्तिक काढलं.

"आतून काढा ना, बाबा."

"का? चोरी आहे का?"

 समोरची शेजारीण जाता-येता दाराकडे बघायची. उद्या पुसू, असं मी रोज ठरवायची.

तो विक्रेता इथेच एनस्खेडे शहराजवळ राहतो आणि त्याच्याकडे आपली एक गाडी अजून आहे, असं ऑफिसमधल्या एकाकडून कळलं. फोन केला, तर म्हातारा फारच गोड आवाजात 'या' म्हणाला. तेव्हा मलाही शंका आली. बाबा ट्रेनभर घोकत होते, "तोंडावर विचारणार. किती खाल्लेस?"

गॅरेजमध्ये इवलीशी पिवळी गाडी उभी होती. म्हाताऱ्यानं दिलेली कॉफी बाबांनी हुंगून बाजूला ठेवली.

"व्हाय यू कॅन्सल?"

म्हाताऱ्यानं सीट काढली आणि बॅटरीचं झाकण उचललं. झाकणाच्या आतल्या बाजूला लाल ऑइलपेंटचं स्वस्तिक होतं, चार टिंबांसकट.

"माझ्या हातचं!" बाबांनी त्यावरून बोट फिरवलं. "खंडेनवमीला प्रत्येक गाडीत मीच काढलं होतं. कुंकू टिकत नाही, म्हणून रंगानं."

म्हातारा माझ्याकडे वळून हळू आवाजात डचमध्ये बोलू लागला. पहिल्या गाडीचं हे झाकण त्यानं ग्राहकांसमोरच उघडलं होतं. त्यांतल्या एका बाईंचे आईवडील युद्धात नाझींच्या छावणीत मारले गेले होते. त्या तडक निघून गेल्या. गोष्ट गावभर झाली, एकही गाडी विकली गेली नाही. आपल्याकडे याचा अर्थ काय ते त्याला फार उशिरा कळलं.

"काय म्हणतोय?" बाबांनी विचारलं.

इतकी वर्षं हा माणूस त्या एका संशयावर ताठ उभा होता. तो काढून घ्यायची माझी हिंमत झाली नाही.

"पेट्रोलवाल्यांचा दबाव होता म्हणतोय."

"बघ," बाबा म्हणाले. पण नंतर ते माझ्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

परतीच्या ट्रेनमध्ये ते तळहातावर बोटानं स्वस्तिक गिरवत होते. घराशी आलो आणि मी पर्समध्ये किल्ली शोधू लागले. बाबांनी खिशातून रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्यानं भिजवला आणि दार पुसायला लागले.

"कुंकू आहे," ते म्हणाले. "निघेल."