मालूची पहिली कडाकणी

राहुरीला एसटीतून उतरलो तेव्हा अंगावर एवढा फुफाटा होता, की मेव्हण्यांनी आधी मला झटकलं आणि मग नमस्कार केला. बैलगाडी देवळाली प्रवराकडे निघाली. मागल्या साली दुष्काळाने होरपळलेल्या रानात आता ऊस डोक्याच्या वर गेला होता. बघूनच जीव सुखावला.

धाकटी बहीण मालू इथे दिलेली. सासरचं तिचं हे पहिलंच नवरात्र, आणि आज अष्टमीला तिला कडाकण्या करायच्या होत्या. आम्ही अलिबागचे, हा शब्दच मुळी आम्हाला नवा. मी मेव्हण्यांना अर्थ विचारला.

“पातळ, गोडसर बिस्किटच म्हणा. देवीच्या घटावर खाऊचा फुलोरा टांगतात ना, त्याला लागतं.”

“दाताखाली कडाकडा वाजती, म्हनून कडाकनी,” गाडीवान म्हणाला.

वाटेत शाळेचे गुरुजी गाडीत चढले. त्यांना हे अजिबात पटेना. कड्यासारखी गोल असते म्हणून कडाकणी, असं त्यांचं म्हणणं. दोघांची अशी जुंपली, की बैल केव्हा थांबले ते कुणाला कळलंच नाही!

घरी मालू चुलीपुढे घामाघूम, पण खुशीत होती. “दादा, बघ, एकही चपटी राहिली नाही!”

परातीत टम्म फुगलेल्या पुऱ्या. मी तोंडभरून कौतुक केलं. तेवढ्यात तिच्या सासूबाई आल्या.

“आगं, ह्या उंद्यापतूर चामट हुतील. टांगायच्या कशा?”

मालूचा चेहरा पडला. या घरची रीत अशी, की नव्या सुनेची कडाकणी फुलोऱ्यात मधोमध बांधायची आणि दसऱ्यापर्यंत ती तुटून पडता कामा नये. संध्याकाळी सगळी भावकी बघायला येणार होती. पोरीच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

“रडतीस काय? पाव्हन्याला खाऊ झाला की!” सासूबाईंनी परात माझ्यापुढे सरकवली आणि पदर खोचला. रवा, कणीक, गुळाचं पाणी. पीठ दगडासारखं घट्ट. ते कुटायचं काम माझ्याकडे आलं. मालूने पातळ लाटलं, फुगू नये म्हणून दाभणाने टोचलं, दोऱ्यासाठी भोक पाडलं. दिवेलागणीला तिची कडाकणी मधोमध डुलत होती.

मी मुक्काम लांबवला. मालू जाता-येता वर बघायची, आणि खरं सांगायचं तर मीही बघायचो. दसऱ्याला फुलोरा उतरवला तेव्हा ती जशीच्या तशी होती. सासूबाईंनी ती मालूलाच मोडायला लावली आणि पहिला तुकडा स्वतः खाल्ला.

“पुढल्या साली धाकली सून यील. तिला तूच शिकीव.”

मालू अशी हसली, की मला भरून आलं.

गाडीवान खरा की गुरुजी, याचा निकाल न लावताच मी अलिबागला परतलो. आईने दारातच विचारलं, “मालू कशी आहे?” मी डबा उघडून तिच्या हातची एक कडाकणी पुढे केली. आईने ती मोडली. कडाक!

“रुळली म्हणायची,” आई म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावून खायला लागली.