शुक्रवारचं मशीन

उल्हासनगरात, कॅम्प दोनला, आमच्या तालमीच्या खोलीला लागून एक शिंपी जीन्स शिवायचा. आम्ही तिघं सायकेडेलिक रॉक वाजवतो. त्याच्या भाषेत 'भूतों का बाजा'. आवाज वाढला की तो भिंतीवर कात्री आपटायचा. त्याचं नाव विचारायचीही आमची हिंमत नव्हती.

पहिल्या अल्बमचं रेकॉर्डिंग मुद्दाम शुक्रवारी ठेवलं. त्या दिवशी कारखाने बंद, गल्ली शांत. पण ताल जागेवर राहीना. भाड्याचे माइक संध्याकाळी परत द्यायचे होते आणि आम्ही एकमेकांवर खेकसत होतो. अचानक ड्रमर म्हणाला, "च्यायला, आज त्याचं मशीन बंद आहे!" वर्षभर आम्ही नकळत भिंतीतून येणाऱ्या त्या ठेक्यावर वाजवत होतो.

तो वरच्याच मजल्यावर राहायचा. मी घाबरत गेलो, सांगितलं. त्याने चपला घातल्या. "काका, नुसतंच चालवा," म्हटल्यावर मात्र भडकला. "बिना कपड़े मशीन नहीं चलाऊंगा. कपड़ा लाओ."

आम्ही खिडकीचा पडदा काढून दिला. तो शिवत राहिला, आम्ही वाजवत राहिलो. गाणं एका दमात झालं.

अल्बम आला त्या दिवशी मी त्याला ते गाणं फोनवर ऐकवलं. त्याचा चेहरा दगडासारखा. संपल्यावर म्हणाला, "वो परदा लाओ."

त्याने पडदा उजेडात धरला आणि टाक्यांवरून शेवटपर्यंत बोट फिरवलं. आम्ही तिघंही वाकून पाहू लागलो.

"सिलाई सीधी आई है," तो म्हणाला.

गाणं कसं वाटलं, हे विचारायचं आम्हाला सुचलंच नाही.