सुनंदाच्या वहीतली लाल फुली

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून निघालेली नाही. तुम्हाला सांगतो — पहिल्यांदाच.

आर्णीत माझा बारावीचा क्लास आहे. पंक्चरच्या दुकानात टायर काढता काढता शिकलो. कॅल्क्युलस मला पान्यासारखं हातात बसलं. जीवशास्त्र मात्र नाही. त्याला एक सर ठेवले होते. पगाराची घासाघीस चालली असताना माझं डोकं फिरलं, त्यांना हाकललं. त्यांनी समोरच क्लास टाकला आणि माझी निम्मी मुलं नेली. तो राग अजून आहे — पण हे त्यांच्याबद्दल नाही.

मग जेनेटिक्सचा गृहपाठ मीच सोडवून देऊ लागलो. पाठ करायचं, फळ्यावर उतरवायचं. कोणाला कळणार होतं?

सुनंदाला कळलं. झरीकडची मुलगी, मावशीकडे राहून शिकणारी. गणित असं — आईवडील दोघेही सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे वाहक, म्हणजे स्वतः धडधाकट, पण दोष पुढे देऊ शकणारे. त्यांचं एक मूल निरोगी आहे. ते वाहक असण्याची शक्यता किती? मी लिहिलं, निम्मी.

ती उठली. "सर, लेकरू निरोगी हाये हे तं मालूम हाये ना? मंग आजारी मोजाचंच नाई. चारातले तीन उरले, त्यातले दोन वाहक. दोन-तृतीयांश."

मागे कोणीतरी खुसखुसलं. ही बातमी समोरच्या क्लासात पोचायला किती वेळ? — आणि मला माहीत होतं, तिच्या भावाला सिकलसेल आहे. ती निरोगी. ते गणित तिचंच होतं.

तरी म्हणालो, "घरी पेशंट हाये म्हून तू डाक्टर झाली काय वं?"

वर्ग हसला. तिची वही ओढून मी त्या उत्तरावर लाल फुली मारली, आणि वही माझ्याकडेच ठेवली.

दुपारी पुस्तक उघडलं. ती बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं — नाही सांगितलं. वही परत न्यायलाही ती आली नाही. आठवड्याने तिचे वडील आले. "सर, पोरगी बारावीले बसतच नाई म्हनते. मले जमत नाई म्हनते. खरं हाये काय?"

एका शब्दाचं काम होतं. त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "नाही जमत तिले. उगाच कायले ओढता?"

ते तिला गावी घेऊन गेले. वही माझ्या कपाटात आहे.

सुनंदाला जीवशास्त्र येत होतं. मला येत नव्हतं.