भोंगेकाकांचं वेळापत्रक

समुद्राकाठच्या रस्त्यावर तेहतीस वर्षं बस चालवलेल्या या गृहस्थांना सगळे भोंगेकाका म्हणत, आणि ते काही उगाच नाही. पुढे सायकल दिसली की काकांचा हात आपसूक भोंग्यावर जायचा. सायकलवाला दचकून झुडपात उतरला की काका मिशीतल्या मिशीत हसायचे आणि पुढच्या थांब्यावर तो किस्सा तिखटमीठ लावून सांगायचे.

निवृत्तीनंतर मात्र गृहस्थ घरात मावेनात. डब्यांची झाकणं कोण नीट लावत नाही, यावरून बायकोशी रोज खटके उडायला लागले. शेवटी तिनंच एक जुनी सायकल आणून दारात उभी केली. म्हणाली, "घ्या, आता हिला शिकवा काय शिकवायचंय ते."

महिन्याभरात काकांचा नूरच पालटला. सायकलच्या मागे लाल दिवा, हँडलला आरसा, अंगात लांबून डोळ्यांत भरणारं पिवळंधमक जाकीट. जुन्या सवयीनं ते बसच्या प्रत्येक थांब्यावर थांबत, घोटभर पाणी पीत, कुणी चढणारं राहिलं नाही ना बघत आणि मगच निघत. शेतांमधली अरुंद वाट संपली की एकदम समुद्र समोर यायचा. तेहतीस वर्षांत त्यांनी तो कधी धड पाहिलाच नव्हता.

धोका होता तो एकाच जागी, कड्याच्या वळणावर. एकीकडे कातळ, दुसरीकडे खाली समुद्र आणि मधे बस जेमतेम मावेल एवढा चढ. ती बस आता काकांची मुलगी चालवायची. तिचे गिअर, तिचे ब्रेक, सगळ्यात काका खोडी काढत. चांगला शब्द म्हणून आजवर एकही नाही. पण तीही त्यांचीच लेक.

"बाबा, त्या वळणात माझ्या बसपुढे दिसलात, तर सायकलची किल्ली माझ्याकडे. कायमची."

"अगं, या रस्त्याचं वेळापत्रक मला तोंडपाठ आहे!"

म्हणून तर तिनं फ्रिजवर चिकटवलेला तक्ता त्यांनी कधी वाचला नाही. कागदावर बस वळणावर आठ वीसला, म्हणजे येणार आठ सत्तावीसला. सात मिनिटं उशीर त्यांच्या काळात ठरलेलाच होता.

एरवी काका आठच्या आत वळण पार करत. पण त्या सकाळी चाक पंक्चर झालं आणि चढापाशी पोचायला आठ अठरा वाजले. 'नऊ मिनिटं आहेत की,' म्हणत काका चढाला लागले.

बरोबर आठ वीसला आरशात बस दिसली.

बाजूला व्हायला जागा नव्हती. कडेला सरकलो तर ती शेजारून घुसायला बघेल, म्हणून ते रस्त्याच्या मधूनच पेडल मारत राहिले आणि भोंग्याची वाट पाहू लागले. आता वाजेल, मग वाजेल. पण वाजलाच नाही. बस वीस पावलं मागे, पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलांनी येत राहिली. काकांना आपल्या भोंग्यानं सायकलसकट झुडपात उतरलेला दूधवाला आठवला, शाळेतल्या बाई आठवल्या, आणि स्वतःची मनापासून लाज वाटली.

चढ संपला, रस्ता रुंद झाला. काका उतरले. बस शेजारी येऊन थांबली, खिडकी सरकली. काकांनी आपणहून किल्ली पुढे केली.

"घे. ठरलं होतं आपलं. पण तू आठ वीसला इथे कशी?"

"रोजच असते, बाबा. दोन वर्षं झाली."

काकांनी बसमधल्या प्रवाशांकडे पाहिलं. मग शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तू माझ्यापेक्षा चांगली चालवतेस."

मुलीनं घड्याळाकडे पाहिलं, किल्लीकडे पाहिलं.

"तुमच्यापायी आज सात मिनिटं उशीर झाला," ती म्हणाली आणि किल्ली त्यांच्या मुठीत परत कोंबली. "घरी जाऊन तक्ता वाचा. चष्मा लावून."

हल्ली काका वळणाच्या अलीकडच्या थांब्यावर सायकल बाजूला घेऊन उभे राहतात आणि बस पुढे गेली की मगच निघतात. थांब्यावर जो कुणी भेटेल त्याला घड्याळ दाखवून सांगतात, "बघा, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. माझी मुलगी आहे."